रोजनिशी खाजगी असते म्हणजे नेमकी कुणापासून?

शारंगी

नमस्कार मंडळी,

रोजनिशीवर इथे आधीही बोलणं झालंय, पण ते बहुतेक 'लिहावी का, कधी लिहावी, वहीत की मोबाइलवर' अशा अंगाने. मला वेगळं विचारायचंय. जी रोजनिशी कुणाला दाखवायची नाही, तिच्यातून लिहिणाऱ्याचं मन खरंच कळतं का? आणि कळत असेल तर कशातून?

माझं मत आधीच सांगते. वहीत सगळं ओतलंय म्हणून मन कळतं, असं मला वाटत नाही. लिहिणारा कुणाला चुकवून लिहितोय हे लक्षात आलं की त्याचं मन उलगडायला लागतं. दार लावून एकटं बसलं तरी समोर कुणीतरी असतंच. आई असते, नवरा असतो, देव असतो, वीस वर्षांनंतरचे आपण असतो. त्या माणसाबद्दलची भीती, ओढ, राग अक्षराअक्षरात उतरतो.

हे मला सगळ्यात ठळक दिसलं ते रशियन कादंबरीकार टॉल्स्टॉय आणि त्याची बायको सोफिया यांच्या रोजनिश्यांत. टॉल्स्टॉयने विद्यार्थी असताना, १८४७ मध्ये लिहायला सुरुवात केली. तरुणपणीच्या त्या पानांवर स्वतःसाठी घातलेले नियम आहेत आणि ते मोडल्याच्या नोंदी आहेत: आज आळस केला, आज बढाई मारली, आज खोटं बोललो. म्हणजे एक माणूस स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश.

मग सप्टेंबर १८६२ मध्ये लग्न. तो चौतीसचा, सोफिया अठराची. लग्नाआधी त्याने आपल्या जुन्या वह्या तिच्या हातात दिल्या. जुगार, बायका, इस्टेटीवरच्या अक्सिन्या नावाच्या शेतकरी स्त्रीशी असलेले संबंध, सगळं त्यात होतं. होणाऱ्या बायकोपासून काही लपवायचं नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. तिला ते किती लागलं हे तिच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. लग्नाला महिनाही झालेला नाही आणि त्याचा भूतकाळ तिच्या पानांवर येऊन बसलाय. देणाऱ्याचं मन हलकं झालं, घेणारीचं जन्मभर जड राहिलं.

पुढे दोघंही एकमेकांच्या वह्या वाचायचे. समोरासमोर बोलवत नाही ते वहीत लिहायचं, दुसरा वाचणार हे माहीत असून. १८९० च्या सुमारास सोफिया त्याच्या जुन्या रोजनिश्या उतरवून काढायला लागली, तेव्हा त्याला ते खटकलं आणि तो वह्या लपवायला लागला. १८९५ मध्ये तिने त्याला विनवलं, माझ्याबद्दलचं कडवट लिहिलंयस ते काढून टाक. त्याने काही ठिकाणी काढलंही.

आणि मग १९१०. जुलैअखेरीस त्याने एक वेगळी छोटी वही सुरू केली, फक्त स्वतःसाठी म्हणून. ती तो बुटात लपवायचा. सोफियाला सापडलीच. साठ वर्षांहून जास्त काळ रोजनिशी लिहिलेल्या माणसाला ब्याऐंशीच्या उंबरठ्यावर वाटलं की आता एक वही आपली एकट्याची हवी. मग आधीच्या सगळ्या कुणाच्या होत्या?

ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री त्याला जाग आली तर अभ्यासिकेत उजेड आणि कागद चाळल्याचा आवाज. सोफिया काहीतरी शोधत होती. हे त्यानेच लिहून ठेवलंय. पहाट व्हायच्या आत तो घराबाहेर पडला आणि काही दिवसांतच अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर वारला.

मला सोफियाबद्दल फार वाटतं. लोकांनी तिच्या वह्या नवऱ्याच्या वह्यांशेजारी ठेवून वाचल्या त्या चूक कुणाची हे ठरवायला. ती त्या रात्री काय शोधत होती, असं मी स्वतःला विचारते. मला वाटतं, आपल्यामागे जग आपल्याला कसं ओळखणार हे ती शोधत होती. ते तिच्या हातात नव्हतं, नवऱ्याच्या वहीत होतं.

तुम्ही लिहीत असाल, किंवा कुणाची वही तुमच्या हाती आली असेल, तर सांगा. त्यातून माणूस दिसला का?

---

गोदाकाठ

शारंगीताई, लेख आवडला. माझ्या आईने डायरी अशी कधी लिहिली नाही, पण तिची कालनिर्णयं तिने जपून ठेवली होती आणि ती गेल्यावर माझ्याकडे आली. दूध दीड लिटर, दूध एक, कामवालीचा खाडा, सिलेंडर लावला ती तारीख, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं. सगळं बॉलपेनने, चौकोनात मावेल एवढं.

बाबांच्या आजारपणाच्या वर्षी मात्र दुधाच्या आकड्याशेजारी आणखी एक शब्द दिसायला लागतो. 'जेवले'. काही दिवशी 'नाही जेवले'. काही दिवशी 'थोडं'. नाव नाही, 'हे' सुद्धा नाही. तिने बाबांचं नाव उभ्या आयुष्यात घेतलं नाही, लिहितानाही घेतलं नाही. आजाराचं नाव कुठे नाही, डॉक्टरांचं नाही, रडल्याचं तर नाहीच नाही. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचा उल्लेख नाही, चारही चौकोनांत 'थोडं' आहे.

ती कुणाला चुकवत होती म्हणाल तर आम्हा मुलांना. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं, येताजाता सगळ्यांच्या नजरेसमोर. आम्ही रोज त्याच्याखालून गेलो आणि कुणी वाचलं नाही.

---

निरंजन_पुणे

विषय चांगला आहे, पण मला मुळातच शंका आहे. मी कॉलेजपासून लिहितोय. मागे वळून वाचलं तर असं वाटतं की हा माणूस कायम दुःखी होता. तसं अजिबात नव्हतं! मजेत होतो तेव्हा मित्रांबरोबर कट्ट्यावर होतो, वहीपाशी कशाला बसेन? भांडण झालं, नोकरीत अडलं, झोप येईना, की वही उघडायची. उद्या कुणी त्या वह्यांवरून माझं मन काढायला बसला तर त्याच्या हाती निम्मा माणूस लागेल, तोही वाईट निम्मा.

टॉल्स्टॉयचंही तेच नसेल कशावरून? तेरा मुलं, एवढा मोठा संसार, तिने त्याच्या कादंबऱ्यांच्या मुद्रणप्रती हाताने उतरवून दिल्या. इतकी वर्षं नुसत्या धुसफुशीवर निघत नाहीत. चांगले दिवस वहीत आलेच नसतील.

---

शारंगी

@गोदाकाठ, 'थोडं' वाचून थांबले. हे इथे लिहिलंत, आभार.

@निरंजन, चांगले दिवस थोडे तिथेही आहेत, विशेषतः लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत. पण तुमचा मुद्दा खरा आहे, वहीवरून आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही. मी आयुष्य म्हणत नाहीये, आतलं मन म्हणतेय. दुःखात तुम्ही मित्राकडे न जाता वहीकडे गेलात, हे तुमच्याबद्दल काही सांगत नाही का? कट्ट्यावरचे मित्र होते की. त्यांना काय सांगता येत नव्हतं?

---

निरंजन_पुणे

हं. त्यांना हरलेलं सांगता येत नव्हतं. आमच्या कट्ट्यावर सगळे जिंकलेलेच असायचे.

---

वऱ्हाडी_वाचक

आमच्या अमरावतीचं उदाहरण सांगतो. दादासाहेब खापर्डे. टिळकांचे जवळचे सहकारी, नामांकित वकील, १८९७ साली अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हाचे स्वागताध्यक्ष. ते इंग्रजीत रोजनिशी लिहायचे. त्यातला शिर्डीचा भाग साईभक्तांमध्ये घरोघरी वाचला जातो. डिसेंबर १९१० मध्ये ते पहिल्यांदा शिर्डीला गेले, आठवडाभर राहिले. दुसऱ्यांदा गेले ते डिसेंबर १९११ ते मार्च १९१२, तीन महिन्यांवर.

भक्त ती वही बाबांसाठी वाचतात, मी पण आधी तशीच वाचली. आजी पारायण करायची, तिच्यामुळे. नंतर खापर्ड्यांसाठी वाचली, आणि ती वेगळीच वही निघाली.

रोजचं पान जवळजवळ सारखं. पहाटे उठलो, काकड आरती, प्रार्थना, साईमहाराज बाहेर जाताना पाहिले, परत येताना पाहिले. मग दीक्षित वाड्यात मंडळींबरोबर 'परमामृत' या वेदान्तावरच्या मराठी ग्रंथाचं वाचन. दुपारी जेवण, थोडं आडवं होणं. उशिरा जाग आली तर तेही प्रामाणिकपणे लिहिलेलं. मोठमोठ्या खटल्यांत उभा राहणारा माणूस, आणि त्याच्या दिवसातली मोठी घटना काय, तर बाबांनी आज आपल्याकडे कसं पाहिलं. एके दिवशी बाबांनी एक दृष्टी टाकली आणि दिवसभर आनंदात बुडून गेलो, असं लिहितात. अमरावतीला परत जायची परवानगी हा विषय पुन्हापुन्हा येतो. मंडळी विचारतात, बाबा थांब म्हणतात, हे थांबतात.

आता काळ बघा. टिळक मंडालेला. दादासाहेब १९०८ ते १९१० विलायतेत, टिळकांच्या अपिलाची खटपट करून हात हलवत परत आलेले. वकिली बसलेली. सरकारची नजर होतीच. आणि या महिन्यांच्या वहीत राजकारण जवळजवळ नाही! मी आधी म्हणायचो, सरळ आहे, पोलिसांच्या हाती लागेल म्हणून लिहिलं नाही. ते कारण असणारच. पण पोलिसांना चुकवायला माणूस चार ओळी गाळतो. रोज कुणाच्या नजरेची वाट पाहिल्याचं एवढ्या बारकाईने लिहीत नाही.

मला त्यात थकलेला माणूस दिसतो. आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू मांडली, आता कुणीतरी आपल्याला सांगावं की थांब, जाऊ नको. 'मी थकलो' असं वाक्य मला कुठे सापडलं नाही. ते 'परवानगी मिळाली नाही' या ओळीच्या पुन्हापुन्हा येण्यात आहे. आमच्याकडे म्हणतात ना, बोलता माणूस बरा, मुका झाला की समजून घ्यावं लागते.

---

मुक्ता_स

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं त्या बाजूने.

लिहिण्याचा मनावर काय परिणाम होतो, यावरचं सगळ्यात गाजलेलं काम जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं. १९८६ मध्ये त्यांनी आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी साध्यासुध्या गोष्टींवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवावर. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. हे लक्षात ठेवा, कारण बरेच जण 'लिहिलं की मोकळं वाटतं' असं सरसकट सांगतात. फरक पुढच्या महिन्यांत दिसला: ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले.

त्यानंतर असे खूप प्रयोग झाले. २००६ मध्ये जोअ‍ॅन फ्रॅटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायदा आहे पण लहान आहे, असं निघालं. म्हणजे हे औषध नाही.

मला त्यातलं खरं महत्त्वाचं वाटतं ते पेनेबेकरांचं पुढचं काम, शब्द मोजण्याचं. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' अशा धाटणीचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. तीच गोष्ट रोज त्याच शब्दांत उगाळणाऱ्यांना तेवढा झाला नाही. निरंजन, तुमच्या वह्या त्या नजरेने एकदा बघा. दुःख किती आहे ते सोडा, पान उलटताना त्याची मांडणी बदलते का ते बघा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी वही दाखवायला कधीच सांगत नाही. एक गोष्ट विचारते फक्त: कुठल्या दिवशी लिहिता आलं नाही? बऱ्याचदा तिथूनच बोलणं सुरू होतं. शारंगी म्हणतात तो समोरचा अदृश्य माणूस त्या दिवशी फार जवळ आलेला असतो.

---

तळघर

चुकवण्यावरून सॅम्युएल पीप्स आठवला. लंडनचा, नौदलाच्या कचेरीतला मोठा अधिकारी. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९, साडेनऊ वर्षांची रोजनिशी. १६६६ ची लंडनची आग त्याच्याइतकी जवळून फार थोड्यांनी लिहिली. आग घराकडे सरकतेय म्हणताना याने बागेत खड्डा करून वाइन आणि पार्मेझान चीज पुरलं, हे इतिहासकार लिहिणार नाहीत, तो लिहितो.

सगळी रोजनिशी लघुलिपीत आहे. शिवाय बायकांशी केलेल्या चाळ्यांची पानं आली की त्या लघुलिपीतही फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन शब्दांची भेसळ. लिपी आधीच सहजासहजी कुणाला वाचता येण्यासारखी नाही, मग आणखी पडदा कशाला? बायकोपासून लपवायचं तर लघुलिपी पुरेशी होती. मला वाटतं तो पडदा त्याने स्वतःच्या डोळ्यांवर ओढलाय. १६६८ च्या ऑक्टोबरात बायकोने त्याला तिच्या सोबतीला ठेवलेल्या मुलीबरोबर, डेब विलेटबरोबर, पकडलं. पुढची पानं वाचा, पश्चात्ताप खरा आहे आणि त्या मुलीचा शोध घेणंही चालूच आहे. दोन्ही त्याच हाताने लिहिलेलं.

डोळे जातील या भीतीने त्याने लिहिणं थांबवलं. डोळे गेले नाहीत, तो १७०३ पर्यंत जगला. आणि त्या सहा वह्या त्याने जाळल्या नाहीत. नीट बांधून घेतल्या, आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवल्या आणि तो सगळा संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजला जाईल अशी व्यवस्था केली. १८१९ पासून जॉन स्मिथ नावाच्या गरीब विद्यार्थ्याने तीन वर्षं खपून ती लिपी सोडवली. ती लिपी शिकवणारं पुस्तक त्याच संग्रहात ठेवलेलं होतं, त्याला कुणी सांगितलं नाही!

शारंगी, तुमच्या प्रश्नाला पीप्सचं उत्तर मला असं दिसतं: ओळखीच्यांपासून लपवायचं आणि अनोळखी माणसासाठी ठेवायचं.

---

सायली_दि

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारते. माझे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. कपाटात त्यांच्या वह्या सापडल्या, बँकेच्या जुन्या डायऱ्या, दरवर्षीची एक. ते लिहायचे हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. आई म्हणते गंगेत सोड. भाऊ म्हणतो स्कॅन करून ठेवू. मी एकच पान उघडलं, त्यावर माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाची तारीख होती. मिटून ठेवलं. वाचायचा हक्क आहे का मला?

---

गोदाकाठ

सायली, मी आईची कॅलेंडरं वाचली कारण ती भिंतीवर होती. कपाटातल्या वहीबद्दल मला तेवढं धाडस झालं नसतं. आईंचं ऐका असं नाही म्हणत, पण त्यांना काय वाटतंय ते आधी नीट विचारा. कदाचित त्यात त्या आहेत.

---

तळघर

नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँकच्या पहिल्या वहीतली दोन पानं तिने तपकिरी कागद डकवून झाकली होती. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी त्या कागदामागचं छायाचित्रांवरून वाचून काढलं आणि जाहीर केलं. सप्टेंबर १९४२ मधला मजकूर, तेरा वर्षांची मुलगी, चार चावट विनोद आणि शरीरसंबंधांविषयी काही ओळी, एवढंच. मला ते केलं ते आवडलं नाही. बाकीची रोजनिशी प्रसिद्ध व्हावी अशी तिची इच्छा होती, १९४४ मध्ये तिने त्यासाठी ती स्वतः नव्याने लिहायला घेतली होती. ही दोन पानं मात्र तिने झाकली होती. कागद चिकटवला म्हणजे स्पष्ट नाही म्हटलं. तुमच्या वडिलांनी तसं काही केलंय का?

---

सायली_दि

कुलूप नव्हतं. कपाटात वरच्या खणात, त्यांच्या स्वेटरांच्या मागे. आईला तो खण हाताला येत नाही, मला येतो.

---

शारंगी

सायली, मग वाचा असं मला वाटतं. ज्यांना जाळायच्या असतात त्यांना सवड मिळते, अगदी शेवटी सुद्धा. पण घाई नको, आणि लग्नाच्या पानापासून नको. एखादं जुनं, तुमच्या जन्माआधीचं वर्ष घ्या. त्यात ते तुमचे बाबा नसतील, पंचविशीतला एक मुलगा असेल. त्याची ओळख आधी होऊ द्या.

---

मुक्ता_स

शारंगींशी सहमत. एक भर घालते: शक्य असेल तर भावाबरोबर वाचा. एकट्याने वाचलं की प्रत्येक ओळ आपल्याबद्दलच आहे असं वाटायला लागतं. वडील गप्प का होते, कुणावर नाराज होते, याची उत्तरं आपण आपल्या अपराधीपणातून भरतो. स्कॅन करायची घाई करू नका, ते नंतर कधीही होईल. आणि आईंना वाचून दाखवायचं की नाही हे वाचून झाल्यावर ठरवा, आत्ता नाही.

---

वऱ्हाडी_वाचक

सायलीताई, बँकेच्या डायरीत आधी मागची पानं बघा. पत्ते, उसने दिलेले पैसे, औषधं असं तिथं लिहितात जुनी माणसं. माझ्या काकांच्या डायरीत मागे एका माणसाला दर महिन्याला पाठवलेल्या मनिऑर्डरींची यादी निघाली. तो कोण, हे आम्हाला अजूनही कळलं नाही. घरात एक रुपया सोडत नव्हते काका.

---

सायली_दि

१९८१ ची काढली आहे. भाऊ शनिवारी येतोय.